पालखीचे भोई

दिवाळीच्या फराळाने पोटाला जड झाले, की घरातील कोणी वडीलधारे माणूस कपाटातून गोळ्यांची पट्टी काढते, एक गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घशाखाली लोटते आणि पट्टी पुन्हा कपाटात जाते. तिच्या पाठीवरील मुंगीच्या पावलांएवढी अक्षरे वाचण्याची खटपट सहसा कोणी करीत नाही. वाचकहो, यंदा ती एकदा करून पाहा. चष्मा लागेल, उजेडही लागेल. वर औषधाचे नाव दिसेल, त्याचे वजन दिसेल, आणि पुष्कळ पट्ट्यांवर त्याच्याखाली एक चोरटी ओळ दिसेल : ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’ यांतील ‘क्यू. एस.’ ही जुन्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे असून त्यांचा अर्थ ‘पुरेल इतके’ एवढाच. काय पुरेल इतके, कशाचे, कुठून आणलेले, यांतले काहीएक तिथे लिहिलेले नसते.

आता थोडे अंकगणित. थायरॉइडच्या विकारावर देतात ती लहानशी गोळी घ्या. तिच्यात औषध असते २५ मायक्रोग्रॅम. गोळीचे वजन १०० मिलिग्रॅमच्या आसपास धरले, तर चार हजार भागांत औषधाचा भाग एक, आणि बाकीचे ३,९९९ भाग ‘पुरेल इतके’! पालखीत बसणारा एकच. पण ती उचलून घशातून पोटापर्यंत, पोटातून आतड्यापर्यंत नेणारे भोई चार हजारांना एक कमी. शास्त्राच्या मराठीत यांना ‘सहायक द्रव्ये’ म्हणतात. ही गोळीला आकार देतात, कण एकमेकांना धरून ठेवतात, मलम मऊ ठेवतात, काढा नासू देत नाहीत, कडू औषधाला गोडी आणतात आणि वेळ आली की गोळी फोडून औषध मोकळे करतात. पालखीतल्या देवाचा जयजयकार होतो. भोयांची नावे कोणी विचारीत नाही. हा लेख त्या भोयांविषयी आहे.

मी औषधशास्त्री नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण गेले नाही; मुलांच्या वह्या तपासाव्यात आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. परंतु मी राहतो त्या उल्हास नदीच्या खोऱ्यात अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर ही तीन गावे एकमेकांना खेटून उभी आहेत, आणि इथे या विषयाकडे डोळेझाक करून राहणे कठीण. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मधले, म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वीचे. पण आज बाहेरगावच्या माणसाला अंबरनाथ म्हटले की मोरिवली-चिखलोलीच्या औद्योगिक वसाहती आठवतात. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर या बाजूला रसायनांचे, रंगांचे, औषधांचे कारखाने एकामागून एक उभे राहिले. माझ्या वर्गातील कित्येक मुलांचे आईबाप तिथे कामाला जातात. पालकसभेला आलेल्या अशाच एका माउलीला मी सहज विचारले, “ताई, तुम्ही कारखान्यात काय करता?” ती म्हणाली, “आम्ही गोळ्यांचा माल मळतो, सर. औषध एक किलो आणि पीठ नऊ किलो. लोक म्हणतात औषधाचा कारखाना. आमची सगळी मेहनत पिठाची.”

हे ‘पीठ’ म्हणजे बहुधा मक्याचे स्टार्च. त्यातले थोडे पाण्यात शिजवून खळ करावयाची, त्या खळीत औषध आणि बाकीचे पीठ भिजवायचे, चाळणीतून दाणे पाडायचे, वाळवायचे आणि यंत्राखाली दाबायचे. सांडग्यांचे पीठ भिजवणाऱ्या गृहिणीला यात काही नवल वाटणार नाही. मौज अशी, की जे स्टार्च शिजवल्यावर कणांना चिकटवते, तेच कोरडे मिसळले तर पोटातील पाणी शोषून फुगते आणि गोळी फोडते. बांधणारा तोच आणि सोडणाराही तोच.

आपल्याकडे ही विद्या आजची नाही. आजीच्या सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ यांचे वेढे उगाळले जात आणि ते मधातून किंवा आईच्या दुधातून बाळाला चाटवले जात. त्या मधाला वैद्यांनी नाव दिले होते ‘अनुपान’. म्हणजे औषधाच्या मागोमाग जाणारे. तेच औषध तुपातून दिले तर एक गुण, ताकातून दिले तर दुसरा, अशी त्यांची धारणा होती. शार्ङ्गधरसंहितेत गोळ्या वळण्याचे प्रमाण सांगितले आहे : साखर घालायची तर चूर्णाच्या चौपट, गूळ घालायचा तर दुप्पट, गुग्गुळ किंवा मध घालायचा तर चूर्णाइतकाच. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ. पण त्याच्या कर्त्याने ‘पुरेल इतके’ असे लिहून हात झटकले नाहीत, चौपट म्हणजे चौपट असे सांगितले. आमच्या डोंगरापलीकडे पनवेलला १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर कारखाना काढला. घरच्या खलबत्त्यातली गुटिका तेव्हापासून बाटलीत भरून पेढीवर विकावयास येऊ लागली. आणि बाटली आली की तिच्यावरची चिठ्ठी आली.

या भोयांपैकी पुष्कळ मंडळी आपल्या रानातली आहेत. धावड्याचे झाड घ्या. सह्याद्रीच्या उतारांवर, कोरड्या पानझडी रानात हे झाड सर्वत्र आढळते. उन्हाळ्यात त्याच्या सालीतून डिंक पाझरतो. सालीला खाच पाडली तर अधिक पाझरतो. दिवाळी सरून थंडी पडू लागली, की घरोघर डिंकाचे लाडू होतात. बाळंतिणीला तर ते हवेतच. तुपात टाकला की लाहीसारखा फुलणारा तो डिंक अनेकदा या धावड्याचाच असतो. इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याला ‘घाटी गम’ म्हटले. घाटवाटांनी खाली बंदरावर येणारा डिंक, म्हणून घाटी! कल्याण हे अशा वाटांच्या तोंडाशी वसलेले प्राचीन बंदर. नाणेघाटाने उतरणारा माल सातवाहनांच्या काळापासून इथे येत असे. मुंबईत ‘घाटी’ हा शब्द माणसांना हिणवण्यासाठी वापरला गेला, हे आपण जाणतोच. पण जगाच्या औषधी कोशांत तो एका गुणी डिंकाचे नाव होऊन बसला आहे. तेल आणि पाणी ही दोन हट्टी माणसे एका बाटलीत नांदवणे हे या डिंकाचे खास काम. थोडा डिंक घालून घोटले, की तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत राहतात, वर येऊन जमत नाहीत.

मुंबई बंदराची दुसरी एक गंमत. लंडनच्या बाजारात ‘ईस्ट इंडिया गम’ या नावाने जो डिंक विकला जाई, तो हिंदुस्थानचा नव्हताच. एडन आणि सोमाली किनाऱ्यावरचा तो डिंक गलबतांनी मुंबईत यायचा, इथे निवडला जायचा आणि इथून विलायतेला जायचा. नाव आपले, माल परका! उलट कांडोळाचा डिंक आपल्या रानातला. पांढऱ्या, गुळगुळीत सालीचे हे झाड उन्हाळ्यात पाने टाकून उभे राहिले म्हणजे चांदण्यात दचकायला होते. त्याचा डिंक इराणातून येणाऱ्या महागड्या कतिऱ्याच्या जागी वापरतात, आणि कवळी हिरडीला चिकटवण्याच्या पुडीत तो पुष्कळ काळ वापरला गेला. कांडोळाला कुऱ्हाडीचा खोल घाव घातला तर डिंक भरपूर मिळतो आणि झाड मरते. हलक्या हाताने खाच पाडली तर थोडा मिळतो आणि झाड जगते. रानातल्या माणसाला हे ठाऊक असते. त्याला मिळणारा भाव मात्र इतका थोडा, की खोल घावाचा मोह त्याच्यापेक्षा त्याच्या पोटाला होतो.

दक्षिण कोकणात उतरले की कोकमाचे तेल भेटते. बिया वाळवून, फोडून, गर कुटून पाण्यात उकळायचा; वर आलेले तेल गोळा करायचे आणि थिजू लागले की मुठीने दाबून त्याचे गोळे करायचे. हेच मुठेल. हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांवर ते तापवून लावतात. या गोळ्याचा गुण असा, की खोलीच्या उष्णतेला तो कठीण राहतो आणि अंगाच्या उष्णतेला सैल होऊ लागतो. मलमाच्या बैठकीला याहून अधिक काय हवे? १८७४ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या फ्लुकिगर आणि हॅनबरी यांच्या ‘फार्माकोग्राफिया’ या ग्रंथात या कोकमतेलाची दखल घेतली आहे. पुढे मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे काम पाहणाऱ्या डॉ. विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्या साहाय्याने १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि आपल्या बाजारातल्या मुळ्या, साली, डिंक, तेले यांची विचारपूस केली. आज विलायती साबणाच्या वेष्टनावर ‘कोकम बटर’ असे छापलेले पाहून आपल्या मुली हरखून जातात. आजीच्या मुठेलाला त्यांनी नाक मुरडले होते, ही गोष्ट वेगळी.

कुंकवाची कथा मात्र जरा विस्ताराने सांगावयास हवी.

जुन्या घरातील फणेरपेटी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल : आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि एक चिमुकली मेणाची डबी. सासुरवाशीण सकाळी बोटाच्या टोकाने कपाळावर मेणाचा वाटोळा ठिपका लावी आणि त्यावर कोरडी पिंजर चिमटीने बसवी. मेण नसेल तर पिंजर घामाबरोबर नाकावर ओघळणार. कुंकवाला सौभाग्य म्हणतात. पण ते दिवसभर कपाळावर टिके ते त्या मेणाच्या आधाराने, आणि मेणाची पूजा कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही. कुंकू व्हायचे हळकुंडांचे. लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांत ती भिजवली की पिवळ्याची लाल होतात. वाळवायची आणि दळायची. करमाळा तालुक्यातील केम हे गाव या धंद्यासाठी आजही प्रसिद्ध आहे. मेण पोळ्यातले. मधमाशीचे हेच मेण तिळाच्या तेलात वितळवून आपल्या वैद्यांनी सिक्थतैल केले. एक भाग मेण, पाच-सहा भाग तेल. आणि दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाच्या वैद्याने मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी घोटून जे केले, ते आजच्या कोल्ड क्रीमचे मूळ मानले जाते. आपल्याकडचे शतधौत घृतही त्याच जातीचे. तूप पाण्याने शंभर वेळा फेसून धुवायचे, की त्याचा वास जातो, रंग पांढरा होतो आणि लोण्याहून मऊ मलम हाती येते. शंभर वेळा! हल्लीच्या माणसाला दहाव्या वेळी घड्याळ आठवते.

मग आली चिकटवायची टिकली. सोयीची, स्वस्त, नाना रंगांची. ना करंडा हवा, ना मेण. स्त्रियांनी ती आनंदाने स्वीकारली, यात त्यांचे काही चुकले नाही. सकाळी लोकल पकडणाऱ्या बाईने मेण आणि पिंजर घेऊन आरशासमोर बसावे, असे म्हणणाऱ्या पुरुषाने आधी स्वतः स्वयंपाक करून दाखवावा. परंतु काही वर्षांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे अशा स्त्रिया येऊ लागल्या, ज्यांच्या कपाळावर टिकलीच्या जागी, टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उमटला होता. शोध घेता दोष सापडला तो रंगात नव्हे, मखमलीत नव्हे, पाठीमागच्या गोंदात. त्यातले पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल हे रसायन काहींच्या त्वचेतील रंग करणाऱ्या पेशी मारून टाकते. ते कोड नव्हे, टिकलीच्या गोंदाने झालेली इजा होय. पण लग्नाच्या मुलीच्या कपाळावर पांढरा डाग दिसला म्हणजे आपल्या समाजात तिच्या वाट्याला काय येते, हे मी सांगावयास नको. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्या पाठीमागच्या चिकट थरावर एका मुलीचे आयुष्य अडते. मेणाच्या डबीला नाव तरी होते. या गोंदाचे नाव टिकलीच्या पाकिटावर शोधून पाहा.

आता आमच्या गावांकडे परत येतो, कारण या इतिहासातला एक मोठा वळसा शहाडच्या दारावरून जातो.

गोळी दाबून करण्याची युक्ती १८४३ सालची. विल्यम ब्रॉकेडन हा इंग्रज मुळात चित्रकार. त्याला हवे होते पेन्सिलीचे उत्तम शिसे. शिशाची पूड कोणताही चिकट पदार्थ न घालता साच्यात जोराने दाबून त्याने कांडी केली, आणि तीच युक्ती औषधांच्या गोळ्यांना लावून एकाधिकारपत्र मिळवले. माझ्या वर्गातली मुले पेन्सिल चघळतात तेव्हा मला हा गृहस्थ आठवतो. परंतु शिसे जसे नुसत्या दाबाने धरते, तशी सगळी औषधे धरत नाहीत. त्यांना बांधायला कोणी तरी हवे. म्हणून स्टार्चची खळ, डिंक, जिलेटिन. बांधणी म्हटली की मला आमच्या अंबरनाथचा काड्यापेटीचा कारखाना आठवतो. विमकोचा हा कारखाना १९२० च्या दशकात इथे उभा राहिला आणि त्यावर कित्येक घरे चालली. काडीच्या टोकाचा गूल काडीवर धरून ठेवतो तो सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांचा गोंद. औषधाची कॅप्सूल ज्या जिलेटिनची होते ते या सरसाचेच शुद्ध, सोवळे भावंड. ‘सोवळे’ हा शब्द जरा चुकलाच म्हणा! एकादशीला साबुदाणा निवडून खाणारे आमचे कित्येक स्नेही जिलेटिनची कॅप्सूल निःशंकपणे गिळतात. फ्रान्समध्ये १८३४ साली ही कॅप्सूल निघाली, तेव्हापासून तिचे वेष्टन मुख्यतः प्राण्यांच्या अवशेषांचेच होत आले आहे. अलीकडे झाडांच्या सेल्युलोजपासून केलेले शाकाहारी वेष्टनही मिळू लागले आहे.

हे सेल्युलोज म्हणजे झाडाचा, कापसाचा, गवताचा सांगाडा. उल्हासनगरच्या कुशीत शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५६ साली सुरू झाला. तिथे लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांत विरघळवायचा आणि आम्लाच्या कुंडात बारीक छिद्रांतून सोडून त्याचे रेशमासारखे सूत काढायचे, अशी ही विद्या. त्याच्या एकच वर्ष आधी, १९५५ मध्ये, असेच सूत काढणाऱ्या एका अमेरिकन कंपनीत ऑर्लँडो बॅटिस्टा नावाचा शास्त्रज्ञ लगद्याच्या तंतूंची चिकित्सा करीत होता. त्याने लगदा आम्लात उकळला, तंतूंचा ढिला भाग झडून कठीण स्फटिक तेवढे उरले, आणि ते त्याने स्वयंपाकघरात असते तसल्या घुसळण्याच्या यंत्रात पाण्याबरोबर घुसळले. त्याची अपेक्षा होती की चोथा तळाशी बसेल. चोथा बसला नाही! दाट सायीसारखा पांढरा पदार्थ तयार झाला आणि तसाच राहिला. तो वाळवून जी पूड निघाली, ती खळ नाही, पाणी नाही, नुसत्या दाबाने घट्ट धरते आणि पोटात पाणी लागताच सुटते. आज जगातल्या असंख्य गोळ्यांचा मुख्य भोई हीच लाकडाची पूड आहे. साड्यांचे रेयॉन आणि डोकेदुखीची गोळी ही एकाच लगद्याची लेकरे, हे शहाडच्या पुलावरून जाताना कोणाच्या मनातही येत नसेल.

उल्हासनगर वसले ते आधी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत जागा देण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नगराची कोनशिला बसवण्यात आली. सुमारे लाखभर माणसे, सामान अंगावरच्या कपड्यांएवढे. त्यांनी एका खोलीत संसार मांडला आणि त्याच खोलीत धंदाही मांडला : पापड, बिस्किटे, कपडे, पावडर, स्नो. पुढे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा विनोद देशभर पसरला. मला तो विनोद फारसा रुचत नाही. घरदार गमावलेल्या माणसाने पोटासाठी उलाढाल केली तर ती हसण्याची गोष्ट, आणि पेढीवाल्याने केली तर व्यापार! तथापि त्या विनोदात आपल्या विषयापुरते एक सत्य आहे. पावडर असो की स्नो, वरचा सुगंध आणि डबी यांची नक्कल कोणीही करील. डबीतला नव्वद टक्के माल हा शंखजिऱ्याची पूड, स्टार्च, मेण किंवा तेल असतो, आणि तो चांगला की वाईट हे नाकाला कळत नाही. १९४० च्या औषध कायद्याच्या नावात ‘प्रसाधने’ हा शब्द १९६२ च्या दुरुस्तीने आला, तो यासाठीच. तोवर तोंडाला काय फासावे याची सरकारला चिंता नव्हती.

आणि चिंता उशिरा आली की काय होते, याचा दाखला औषधांच्या इतिहासात रक्ताने लिहिलेला आहे. १९३७ साली अमेरिकेतील एका कंपनीने सल्फानिलामाइड हे त्या काळचे नामांकित औषध पातळ स्वरूपात बाजारात आणले. औषध उत्तम होते. ते विरघळवायला घेतलेला पातळ पदार्थ मात्र डायएथिलिन ग्लायकॉल होता. चवीला गोड, रंगहीन, दाट, आणि मूत्रपिंडांचा काळ. शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्या वेळच्या कायद्यात औषध विषारी असणे हा गुन्हाच नव्हता. कंपनीवर आरोप ठेवता आला तो एवढाच, की अल्कोहोल नसताना तिने त्याला ‘एलिक्सिर’ म्हटले! पुढल्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने नवा कायदा केला.

आपल्याकडे तो कायदा सगळ्यांना ठाऊक होता. तरी १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण मरण पावले. त्यांना पाजलेल्या ग्लिसरीनमध्ये तेच डायएथिलिन ग्लायकॉल होते. ग्लिसरीन हा एरवी अतिशय सुस्वभावी पदार्थ. १७७९ मध्ये शील या स्वीडिश रसायनज्ञाने ऑलिव्हच्या तेलातून तो प्रथम काढला; गोड म्हणून पुढे ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. साबण करताना खोबरेल किंवा चरबीतून तो आपोआप सुटतो. खोकल्याच्या औषधात तो गोडवा आणि दाटपणा आणतो, मलमात ओलावा धरून ठेवतो. जे. जे. मध्ये तर तो रुग्णांना औषध म्हणूनच दिला जात होता. त्याच्या पिंपात स्वस्त भेसळ शिरली, तपासणीच्या पायऱ्या एकामागून एक वगळल्या गेल्या आणि बाटली रुग्णाच्या ओठांपर्यंत पोहोचली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि औषध-प्रशासनापासून रुग्णालयापर्यंत सर्वांचे वाभाडे काढले. तो अहवाल १९८७ चा. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात सत्तरच्या आसपास मुले गेली. संशय आला तो भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांवर. त्यानंतर १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधाला प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा झाला. २०२५ च्या शरदात मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडे वीसहून अधिक मुले गेली. कारण तेच. ती बाटली परदेशी जायची नव्हती.

यावर काही मंडळी म्हणतात, ‘रसायने सोडा, सर्व काही निसर्गाचे वापरा.’ मला हे पटत नाही. शेंदूरही आपल्याला देवाचा म्हणून जवळचा. पण तो शिशाचा असतो आणि पोटात गेला तर विष. शंखजिरे खाणीतून येते, आणि काही खाणींत त्याच्या शेजारीच अॅस्बेस्टॉसचा थर असतो. डिंकाबरोबर माती आणि जंतू येतात, दमट स्टार्चला बुरशी धरते. झाडाचा असो की कारखान्याचा, भोई पारखून घ्यावा लागतो. आणि पारखायचा तर आधी त्याचे नाव कळले पाहिजे. गवारीच्या बीचा डिंक पाहा. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राकडचा डिंक मिळेनासा झाला तेव्हा अमेरिकेने या गवारीला हुडकून काढले, आणि २०१२ साली तेलविहिरींना तो हवा झाल्याने राजस्थानात गवारीचा भाव आभाळाला भिडला. असा भाव चढला की भेसळ करणाऱ्याचे हात शिवशिवू लागतात. चिंचोक्याची खळ आपले धनगर घोंगडीला लावीत आले. त्याच चिंचोक्याचा शुद्ध केलेला अंश आज डोळ्यांत घालायच्या थेंबांत जातो. घोंगडीच्या खळीत खडा राहिला तर चालेल, डोळ्याच्या थेंबात राहिला तर चालणार नाही, एवढाच काय तो फरक. पण तो सगळा फरक तपासणाऱ्या माणसाच्या हातात असतो.

माझा एक जुना विद्यार्थी मोरिवलीच्या एका औषध कारखान्यात भांडारात आहे. गेल्या श्रावणात तो भेटला. ग्लिसरीनची पिंपे आली की तो काय करतो, असे मी विचारले.

“प्रत्येक पिंपातून नमुना काढतो, सर.”

“एकाच गाडीतून, एकाच कंपनीचा माल आला तरी?”

“तरीसुद्धा. काल सत्तावीस आली. सत्तावीस बाटल्या भरल्या. गाडीवाला कंटाळून गेला, म्हणाला, साहेब, सगळा माल एकच आहे.”

“मग तू काय म्हणालास?”

“काही नाही. अठ्ठाविसावे पिंप गाडीत राहिले नाही ना, ते बघायला वर चढलो.”